गुणासमोर कोण उभं आहे?

सोळाव्या शतकाच्या सुमारास विज्ञानभिक्षू नावाचे पंडित सांख्यसूत्रांवर भाष्य लिहीत होते. सत्त्व, रज आणि तम या तीन गुणांचा विषय निघाला, तेव्हा त्यांना मध्येच थांबून खुलासा करावा लागला. त्यांनी बजावलं की हे तीन गुण म्हणजे वैशेषिकांच्या यादीतले गुण समजू नयेत, ही खरं तर द्रव्यं आहेत. सांख्य आणि वैशेषिक ही दोन्ही शास्त्रं तोवर हजार वर्षांहून जुनी झाली होती. दोन्हींचे अभ्यासक एकाच भाषेत लिहीत, एकमेकांचे ग्रंथ वाचत, भर सभेत वाद घालत. तरीही दोन अक्षरांच्या एका शब्दापाशी वाचक घसरेल, ही धास्ती भाष्यकाराला होतीच.

ती धास्ती आजच्या मराठी वाचकालाही असायला हरकत नाही. गणितात गुणाकार, जीवशास्त्रात गुणसूत्र, व्याकरणात गुणादेश, संशोधनात गुणात्मक पद्धत, जनगणनेत लिंग गुणोत्तर, पत्रिकेत छत्तीस गुण आणि परीक्षेच्या निकालात पुन्हा गुणच. वैद्याच्या औषधाचा गुण येतो, आणि कार्टं शाळेत गुण उधळून येतं. शब्द एकच, पण प्रत्येक ठिकाणी त्याचं काम निराळं. शब्दकोशात या सगळ्या अर्थांना क्रमांक दिलेले असतात, पण कुठल्या ठिकाणी कुठला क्रमांक लावायचा हे कोश सांगत नाही. त्यासाठी एक साधी युक्ती उपयोगी पडते. ‘गुण म्हणजे काय’ असं विचारण्याऐवजी ‘इथे गुणासमोर कोण उभं आहे’ असं विचारायचं. प्रत्येक शास्त्र या शब्दाला एक जोडीदार देतं, आणि जोडीदार कळला की अर्थ आपोआप कळतो.

सुरुवात अगदी जुन्या अर्थापासून करू. संस्कृतात गुण म्हणजे धागा, दोरीचा पेड. दोन पेडांची दोरी ती द्विगुण, तीन पेडांची ती त्रिगुण. धनुष्याच्या दोरीलाही गुणच म्हणत, आणि ‘गुणापासून सुटलेला’ असा श्लेष करून बाण आणि माणूस दोघांनाही एका दगडात टिपायची संधी संस्कृत कवींनी सोडली नाही. दोरी दोन पेडी झाली की ती दुहेरी झाली, म्हणजे दुप्पट झाली. इथून ‘पट’ हा अर्थ निघाला आणि गणितात शिरला. भास्कराचार्यांच्या लीलावतीत ज्या संख्येला गुणायचं ती गुण्य आणि जिने गुणायचं ती गुणक. आपण आजही ‘गुणिले’ म्हणतो. पाढे म्हणताना ‘बे दुणे चार’ म्हणतो, त्यातलं ‘दुणे’ हे द्विगुणाचंच झिजलेलं रूप. उत्साह दुणावतो तोही इथूनच. गणितातल्या गुणासमोर भागाकार उभा असतो. तिथे चांगल्या-वाईटाचा प्रश्नच येत नाही. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. हे लिंग गुणोत्तर समाजाबद्दल बरंच काही बोलतं, पण त्यातला ‘गुण’ मात्र निव्वळ पटीचा हिशेब सांगतो.

दोरीच्या पेडाचा अर्थ सांख्यांनीही उचलला, पण त्याचं तात्पर्य वेगळं काढलं. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत प्रकृती म्हणजेच सत्त्व, रज आणि तम. आधी प्रकृती आणि मग तिच्या अंगावर हे तीन गुण, असा प्रकार नाही. दोरीतून पेड काढून घेतले तर मागे दोरी उरत नाही, तसे गुण वजा केले तर प्रकृती उरत नाही. सत्त्व हलकं आणि उजळणारं, रज हलवणारं, तम जड आणि झाकणारं. ज्याला स्वतःलाच हलकेपणा आणि जडपणा आहे, जे एकमेकांत मिसळतं आणि वेगळं होतं, ते द्रव्यच असणार, असा विज्ञानभिक्षूंचा मुद्दा होता. मग त्यांना गुण म्हणायचं कशाला? त्यांनी दोन कारणं दिली. एक म्हणजे हे तिन्ही पुरुषासाठी राबतात, स्वतःसाठी नाही. दुसरं म्हणजे पुरुषरूपी पशूला बांधणारी दोरी यांचीच वळलेली असते. सांख्यात गुणासमोर उभा आहे तो पुरुष, म्हणजे नुसता पाहणारा साक्षी. त्यामुळे मन, बुद्धी, अहंकार हे सारं गुणांच्या बाजूला जातं. ‘सत्त्वगुणी माणूस’ म्हणजे ‘सद्गुणी माणूस’ अशी सोपी बेरीज आपण रोज करतो, पण सांख्याच्या हिशेबात सत्त्व हाही एक पेडच आहे. रेशमी असला म्हणून तो बांधायचं सोडत नाही. गीतेच्या चौदाव्या अध्यायातही सत्त्व सुखाच्या आणि ज्ञानाच्या ओढीने बांधतं असंच सांगितलं आहे, आणि तिथला आदर्श माणूस तिन्ही गुणांच्या पलीकडे गेलेला आहे. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात तिन्ही गुणांना एकेक समास दिला, आणि त्याच दशकाचा शेवट पढतमूर्खावर केला.

वैशेषिकांच्या दारात गेलं की सगळा फड बदलतो. तिथे गुणासमोर द्रव्य उभं असतं. आंबा हे द्रव्य. त्याचा रंग, चव, वास, स्पर्श हे गुण. गुण कधी एकटा राहत नाही, तो कुठल्या तरी द्रव्याच्या आश्रयाने राहतो. कणादाच्या सूत्रात सतरा गुण मोजले आहेत, प्रशस्तपादांनी ते चोवीस केले. ही यादी वाचताना आजचा वाचक बुचकळ्यात पडतो, कारण त्यात सुख आहे तसं दुःखही आहे, इच्छा आहे तसा द्वेषही, धर्म आहे तसा अधर्मही. अधर्म हा गुण कसा? तर आत्मा हे द्रव्य, आणि अधर्म त्याच्या आश्रयाने राहतो म्हणून. इथे गुणाला दोषाशी काहीच देणंघेणं नाही. मराठीत हा तटस्थ अर्थ अजून जिवंत आहे. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला आणि त्याला वाण नाही पण गुण लागला, या म्हणीतला गुण काही कौतुकाचा नाही.

वैशेषिकांचा आणखी एक कडक नियम होता, तो म्हणजे गुणाला गुण नसतो. रंगाला वास नसतो आणि वासाला वजन नसतं. आता चोवीस गुणांच्या यादीत ‘संख्या’ हाही एक गुण आहे. मग गुण चोवीस आहेत असं म्हटलं की चोवीस ही संख्या, म्हणजे एक गुण, गुणांवरच येऊन बसली की! नियम आपल्याच यादीवर उलटला. यातून वाट काढायला नैयायिकांनी, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांनी, बरीच डोकी खर्च केली. बंगालचे रघुनाथ शिरोमणी यांनी १५००च्या आसपास सरळच सांगितलं की संख्या गुणांमध्ये धरूच नका, तिला स्वतंत्र पदार्थ माना. एखाद्या संज्ञेची व्याख्या चोख असली की ती आपल्याच घरातली गळती दाखवून देते, याचा हा नमुना आहे. आज विद्यापीठांत ‘संख्यात्मक’ आणि ‘गुणात्मक’ अशा संशोधनाच्या दोन वाटा शिकवतात. प्रश्नावली भरून टक्केवारी काढली तर संख्यात्मक, माणसांशी बोलून त्यांच्या जगण्याचा पोत समजून घेतला तर गुणात्मक. कणादाला ही जोडीच उमजली नसती, कारण त्याच्या लेखी संख्या गुणांच्याच घरातली. समाजशास्त्राने मात्र तिला उचलून गुणासमोर बसवलं. यात दोघांचंही काही चुकलेलं नाही. प्रश्न बदलले की फळ्याही बदलतात.

व्याकरणात गेलं तर गुणाचा पार कायापालट झालेला दिसतो. पाणिनीच्या अष्टाध्यायीचं पहिलं सूत्र ‘वृद्धी’ ही संज्ञा सांगतं आणि दुसरं ‘गुण’ ही. इथे गुण म्हणजे फक्त तीन स्वर: अ, ए आणि ओ. वृद्धी म्हणजे आ, ऐ आणि औ. चंद्र आणि उदय मिळून चंद्रोदय होतो, ईश्वर आणि इच्छा मिळून ईश्वरेच्छा. हा गुणादेश स्पर्धा परीक्षांच्या मुलांना तोंडपाठ असतो. सदा आणि एव मिळून सदैव झालं की तो वृद्ध्यादेश. धातूंपासून शब्द होतात तिथेही हेच चालतं. बुध्‌पासून बोध, क्रुध्‌पासून क्रोध, नीपासून नेता. अ, ए, ओ यांनाच गुण का म्हणायचं, याचं कारण पाणिनी देत नाही, आणि त्याला ते द्यायची गरजही नाही. त्याच्या लेखी ही एक खूण आहे. लांबलचक नियम थोडक्यात सांगता यावेत म्हणून केलेली सोय, एवढंच.

गंमत पुढेच आहे. चौथ्या अध्यायात उकारान्त गुणवाचक शब्दांची स्त्रीलिंगी रूपं सांगताना, म्हणजे मृदुपासून मृद्वी किंवा पटुपासून पट्वी करताना, हाच पाणिनी ‘गुण’ शब्द आपल्या रोजच्या अर्थाने, म्हणजे एखाद्या वस्तूचा विशेष या अर्थाने वापरतो. सूत्रातली अर्धी मात्रा वाचली तरी पुत्रजन्माचा आनंद मानणारी ही परंपरा, आणि तिच्या मूळपुरुषाने एकच शब्द दोन अर्थांनी वापरला. तरीही वाचणाऱ्याचा घोटाळा होत नाही. एका ठिकाणी गुणाच्या बाजूला वृद्धी आणि स्वर आहेत, दुसऱ्या ठिकाणी वस्तू आणि तिचं वर्णन आहे. शेजार पाहून अर्थ ठरतो. पुढे एकोणिसाव्या शतकात फ्रान्झ बॉप यांनी संस्कृत, ग्रीक, लॅटिन, जर्मन या भाषांची तुलना करताना ‘गुण’ आणि ‘वृद्धि’ हे शब्द जर्मन ग्रंथात जसेच्या तसे उचलले. बर्लिनमध्ये भाषाशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला गुण हा शब्द माहीत होता तो स्वरबदलाच्या अर्थाने. सत्त्व-रज-तमाची त्याला खबर असण्याचं कारण नव्हतं.

मीमांसकांनी गुणाला यज्ञशाळेत नेलं. त्यांना वेदवाक्यांचा नेमका अर्थ लावायचा होता. एखाद्या विधीत मुख्य काय आणि त्या मुख्याला साहाय्य करणारं काय, हा त्यांचा रोजचा प्रश्न. मुख्य ते प्रधान, साहाय्यक तो गुण. अग्निहोत्रात दह्याने आहुती द्यावी असं वाक्य आलं तर होम प्रधान आणि दही गुण. आता वैशेषिकांना विचारा, दही हे काय? ते म्हणतील, उघड आहे, द्रव्य! त्याचा पांढरा रंग आणि आंबट चव हे गुण. तेच दही यज्ञवेदीजवळ पोहोचलं की स्वतःच गुण होतं. प्रधानासमोरच्या या गुणापासून ‘गौण’ हा शब्द आला आणि तो मराठीत इतका रुळला की त्याचं कूळ कोणी विचारत नाही. १९५७च्या खाण कायद्यात ज्यांना वेगळं काढलं आहे, ती वाळू, मुरूम, बांधकामाचा दगड अशी खनिजं महसूल खात्याच्या मराठीत ‘गौण खनिजं’ ठरली. नदीकाठच्या गावांत वाळूच्या लिलावावरून काय काय होतं ते पाहिलं, तर या खनिजांना गौण म्हणवत नाही. पण कायद्याला त्यांचं महत्त्व मोजायचं नाही, प्रमुख खनिजांपासून त्यांची वर्गवारी वेगळी करायची आहे.

आयुर्वेदात गुणासमोर दुसरा गुणच उभा असतो. वाग्भटांनी अष्टांगहृदयाच्या पहिल्याच अध्यायात वीस गुण दहा जोड्यांनी सांगितले आहेत: गुरू आणि लघू, शीत आणि उष्ण, स्निग्ध आणि रूक्ष, मृदू आणि कठीण, स्थिर आणि सर, अशा. सगळी चिकित्सा या जोड्यांवर उभी आहे. सारख्याने सारखं वाढतं आणि विरुद्धाने घटतं, हे तिचं सूत्र. रूक्ष आणि उष्ण मानलेल्या बाजरीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवणारी आजी न शिकताच हा नियम पाळते. मात्र इथलाही शब्द परक्या घरात न्यायचा नाही. आयुर्वेदात उडीद गुरू आणि मूग लघू. तराजूत एक किलो उडीद आणि एक किलो मूग अगदी सारखे भरतील, पण पोटात उडीद जड पडतात. वैशेषिकांचं गुरुत्व वेगळं. झाडावरून फळ खाली पडतं त्या पडण्याचं कारण म्हणजे गुरुत्व, अशी त्यांची व्याख्या. एक गुरुत्व जठराग्नीच्या संदर्भात, दुसरं पतनाच्या संदर्भात.

चरकसंहितेच्या पहिल्या अध्यायात याहून मोठा धक्का आहे. वात, पित्त आणि कफ हे शरीराचे दोष सांगितल्यावर मनाचे दोष सांगितले आहेत, आणि ते म्हणजे रज आणि तम. सांख्यांचे दोन गुण वैद्याच्या घरी दोष झाले! सत्त्व तेवढं या यादीतून सुटलं. चरकाला सांख्य ठाऊक नव्हतं म्हणावं तर त्याच ग्रंथात सांख्यविचार जागोजागी आहे. फरक आहे तो कामाचा. सांख्याला विश्व कशाचं बनलं आहे ते सांगायचं आहे, त्यात रज आणि तम नसतील तर विश्वच नाही. वैद्यासमोर मात्र झोप उडालेला, संतापलेला किंवा खिन्न होऊन बसलेला माणूस आहे. त्याला काय बिघडलं ते शोधायचं आहे.

काव्यशास्त्रात गुणाचा झगडा अलंकाराशी झाला. दंडीने काव्याचे दहा गुण सांगितले, वामनाने शब्दाचे दहा आणि अर्थाचे दहा असे वीस केले, आणि अकराव्या शतकात मम्मटाने ते सारे आवरून तीनच ठेवले: माधुर्य, ओज, प्रसाद. शौर्य हे माणसाच्या आत्म्याचं असतं आणि हार गळ्यात घातलेला असतो, तसे गुण हे रसाचे आणि अलंकार वरून चढवलेले, असा भेद त्याने केला. म्हणजे इथे गुण हा काव्याच्या गाभ्याचा झाला. मीमांसेत साहाय्यक म्हणून मागच्या रांगेत बसलेला शब्द काव्यात पहिल्या रांगेत आला.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सहा गुण आहेत आणि ते राजाच्या स्वभावाचे नाहीत. संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय आणि द्वैधीभाव, म्हणजे तह करणं, भांडण काढणं, गप्प बसणं, चाल करून जाणं, बलवानाचा आश्रय घेणं आणि एकाशी तह करून दुसऱ्याशी लढणं, हे परराष्ट्र धोरणाचे सहा पवित्रे म्हणजे षाड्गुण्य. वेदान्तात आणि आपल्या संतसाहित्यात जोडी आहे ती सगुण आणि निर्गुणाची. माणसाला गुणहीन म्हटलं तर तो अंगावर येईल, पण परब्रह्माला निर्गुण म्हटलं तर ती सर्वांत मोठी स्तुती, कारण ते कुठल्याच विशेषणात मावत नाही.

याउलट पत्रिकेत आणि निकालपत्रात गुण चक्क नाण्यासारखे सुटे झाले. वर्णाचा एक, वश्याचे दोन, ताऱ्याचे तीन असं चढत चढत नाडीचे आठ, अशी छत्तिसांची बेरीज ज्योतिषी करतात आणि अठरा जुळले की पुढची बोलणी सुरू होतात. दहावीला शंभरात पस्तीसवर भागतं, संसाराला मात्र पन्नास टक्के लागतात! गुणवत्ता दाखवायला म्हणून आलेला शब्द इथे मोजमापाचं एकक झाला. गुण आणि संख्या यांचं भांडण शाळेने परस्पर मिटवून टाकलं.

नव्या विज्ञानासाठी मराठी परिभाषा घडवताना हे सगळं भांडार हाताशी होतं. १८८८ साली जर्मन शास्त्रज्ञ वाल्डायर यांनी पेशीतल्या, रंग पटकन शोषून घेणाऱ्या धाग्यांना ग्रीक शब्दांवरून नाव दिलं, त्याचा अर्थ ‘रंगीत देह’. मराठीने रंग सोडला आणि काम धरलं. आईवडिलांचे गुण मुलांपर्यंत नेणारं सूत्र म्हणून गुणसूत्र. इथे गुण म्हणजे डोळ्यांचा रंग, रक्तगट असं वारशाने येणारं काहीही, चांगलं किंवा वाईट. त्याशिवाय पदार्थांचे गुणधर्म आले, बीजगणितात सहगुणक आला. या शब्दांनी कधी कुणाला अडवलं नाही, कारण प्रत्येकाला वाक्यातच जोडीदार मिळाला.

गुणाबद्दल जे खरं, ते इतर शब्दांनाही लागू पडतं. ‘धातू’ घ्या. व्याकरणात धातूसमोर प्रत्यय असतो, रसायनशास्त्रात अधातू. आयुर्वेदात रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र हे सात धातू, आणि त्यांच्या दोन बाजूंना दोष आणि मल. खगोलशास्त्रज्ञ तर हायड्रोजन आणि हेलियम सोडून उरलेल्या सगळ्याच मूलद्रव्यांना धातू म्हणतात. त्यांच्या हिशेबात आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजनही धातू. रसायनाच्या शिक्षकाने हे वाक्य उत्तरपत्रिकेत वाचलं तर लाल रेघ मारील, आणि त्याच्या विषयापुरतं ते बरोबरच आहे. पण ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्याला लोखंड आणि ऑक्सिजन यांच्यात फरक करण्याची गरज पहिल्या पायरीवर नसते. विश्वाच्या अगदी आरंभी जवळजवळ फक्त हायड्रोजन आणि हेलियमच होते, बाकीचं बहुतेक सारं पुढे ताऱ्यांच्या आयुष्यात आणि मृत्यूत घडलं. म्हणून त्याची रेघ तिथे पडते.

रेघ कुठे मारायची हे प्रत्येक शास्त्र आपल्या प्रश्नावरून ठरवतं आणि मग हाताशी असलेला जुना शब्द रेघेच्या एका बाजूला उभा करतं. गफलत होते ती आपण त्या शब्दाला रेघेशिवाय उचलून दुसऱ्या शास्त्रात नेतो तेव्हा. सत्त्वाला सद्गुण समजणं, आयुर्वेदातल्या ‘गुरू’ला वजन समजणं, गौण खनिजाला किरकोळ खनिज समजणं, हे सगळे एकाच जातीचे घोटाळे. शाळेत आपण विरुद्धार्थी शब्द पाठ करतो: गुण × दोष. तिथे प्रत्येक शब्दाला एकच विरुद्ध शब्द मिळतो. त्याऐवजी एकाच शब्दाचे प्रत्येक विषयातले विरुद्ध शब्द शोधायला मुलांना सांगितलं, तर गुणासमोर दोष येईल, मग द्रव्य, भागाकार, वृद्धी, प्रधान, अलंकार, संख्या. भाषेच्या तासाला एवढी यादी फळ्यावर आली, तर विज्ञानाच्या आणि गणिताच्या शिक्षकांचंही निम्मं काम होऊन जाईल.